वेस कंपनीची, उंबरठा आपला



नांदेडच्या वजिराबादेंतून किंवा लातूरच्या औसा रस्त्यानें जातांना मान वर करून गच्च्यांकडे पाहिलें, तर पाण्याच्या टाकीशेजारीं लोखंडी नळीवर बसविलेली एक पांढरी चपटी पेटी अलीकडे बरेच ठिकाणीं दिसते. तिचें तोंड जवळच्या मोबाइल-मनोऱ्याकडे असतें. मनोऱ्यावरून हवेंतून येणारें इंटरनेट ती पकडते व एका तारेनें खालीं घरांत धाडते. खालीं दिवाणखान्यांत दुसरी पेटी असते. ती तें इंटरनेट घरांतल्या फोनांना, संगणकांना आणि दूरचित्रवाणीच्या संचाला वांटून देते. मनोऱ्याशीं बोलणाऱ्या पेटीला गेटवे म्हणतात. आपल्या भाषेंत तिला वेस म्हणावें. वांटणी करणाऱ्या पेटीला राउटर म्हणतात. तो घरचा वाटाड्या. कित्येक घरीं हीं दोन्ही कामें एकच पेटी करते. दोन असोत वा एक, पेट्या बहुधा कंपनीच्या मालकीच्या असतात आणि जोडणी सोडली कीं परत कराव्या लागतात.

आजच्या भाषणाचा विषय असा कीं, वेस कंपनीची ठेवून वाटाड्या मात्र आपण आपल्या पसंतीचा नेमावा काय, आणि नेमावयाचा तर कोणत्या रीतीनें. विषय एखाद्या इंजिनियरानें बोलावा असा वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें तें मुलांना इतिहास शिकविण्यांत. परंतु या प्रश्नाचा अर्धा भाग यंत्राचा असला तरी अर्धा इतिहासाचा आहे. आणि हा इतिहास मराठवाड्याइतका अंगावर घेतलेला प्रांत क्वचितच सांपडेल. बाहेरून आलेला मार्ग कोणाचा, आणि तो आपल्या उंबरठ्यापाशीं पोंचल्यावर आंतली व्यवस्था कोणाची, हा तो प्रश्न.

१९४८ पर्यंत नांदेड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. लातूर हें तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजीं. संस्थानाचें स्वतःचें टपालखातें होतें आणि १८६९ पासून त्याचीं स्वतःचीं तिकिटें निघत. त्याशिवाय संस्थानांत इंग्रज सरकारच्याहि टपालकचेऱ्या होत्या. हद्दींतल्या हद्दींत पत्र धाडावयाचें तर संस्थानी तिकिट चाले. पुण्यामुंबईस धाडावयाचें तर इंग्रजी टपालाचें तिकिट लागे. नाण्यांचें तेंच. बाजारांत हाली शिक्का, हद्दीपलीकडे कलदार. शंभर कलदार रुपयांस हालीचे एकशेंसोळा रुपये आणि वर कांहीं आणे मोजावे लागत. मालासाठीं हद्दीवर करोडगिरीचीं नाकीं. म्हणजे एकाच माणसाला आंतलें जाळें वेगळें व बाहेरचें वेगळें, आणि दोहोंच्या सांध्यावर कोणीतरी उभा. हीं दोन टपालें एक झालीं तीं १ एप्रिल १९५० रोजीं.

रेल्वेची गोष्ट याहून बोलकी आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वे काढली. ती १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत चालूं झाली आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. तिच्या रुळांमधलें अंतर अवघें अडीच फूट. कुर्डुवाडीस मुंबई-मद्रास मार्गाची मोठी गाडी मिळे. तिच्या रुळांची रुंदी साडेपांच फूट. तेव्हां लातूरच्या पेठेंतून निघालेलें प्रत्येक पोतें कुर्डुवाडीस छोट्या डब्यांतून उतरवावयाचें आणि मोठ्या डब्यांत चढवावयाचें. नांदेडकरांचें दैव फारसें निराळें नव्हतें. हैदराबादेहून नांदेडवरून मनमाडास जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास झाला, तो मीटर गेजचा, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित् अधिक रुंदीचा. मनमाडास पोंचलें कीं तेथेंहि उतरवा आणि चढवा. हमालांची मजुरी, वेळ, फुटलेलीं पोतीं आणि चुकलेल्या चिठ्ठ्या हें सारें त्या सांध्याचें मोल होतें. तथापि कॅल्थ्रॉपच्या पदरांत एवढें माप टाकलेंच पाहिजे कीं, ही स्वस्त, छोटी गाडी आली नसती तर त्या काळीं लातुरास दुसरी कोणती गाडी आली असती असें दिसत नाहीं. रुंद रुळांचा खर्च ज्या प्रदेशास झेपत नाहीं, तेथें अरुंद रूळ पोंचतात. आज कांचेच्या तंतूची तार जेथें पोंचली नाहीं किंवा पोंचूनहि नीट चालत नाहीं, तेथें मनोऱ्यावरून हवेंतून इंटरनेट येतें, तें याच न्यायानें.

राउटर काय करतो हें समजावयास कुर्डुवाडीचा फलाट पुरेसा आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकूण सुमारें ४२९ कोटी. ते जगास पुरणार नाहींत हें लवकरच दिसूं लागलें, आणि १९९४ मध्यें एक तोड निघाली: बाहेर सगळ्या घराचा मिळून एक पत्ता असावा, आणि घरांतल्या यंत्रांना फक्त घरापुरते खाजगी पत्ते द्यावे. राउटर सांध्यावर उभा राहतो. आंतून आलेलें पत्र घेतो, त्यावरचा खाजगी पत्ता पुसून बाहेरचा लिहितो, कोणाचें पत्र होतें तें वहींत टिपून ठेवतो, आणि उत्तर आलें कीं वही पाहून ज्याचें त्यास देतो. संस्थानी तिकिट काढून इंग्रजी तिकिट लावण्याचाच हा प्रकार. मोबाइल कंपन्यांपाशीं ग्राहक फार आणि पत्ते थोडे. म्हणून त्या आपल्या कचेरींत हेंच काम पुन्हां एकदां करतात आणि हजारों घरांना मिळून थोडेच बाहेरचे पत्ते वापरतात. १९२ नें आरंभ होणारा पत्ता घरांतला. १०० नें आरंभ होणारा पत्ता पुष्कळदां कंपनीच्या अंगणांतला. खरें जग त्याच्याहि पलीकडे. आतां कंपनीच्या पेटीमागें आपण आपला राउटर जोडला, तर एकाच पत्राचीं तिकिटें तीनदां बदललीं जातात. हें विसरतां कामा नये. पुढें त्याकडे येणारच आहें.

आधीं यंत्राच्या मालकीकडे वळूं. १८८५ च्या तारकायद्यानें तारयंत्रें उभारण्याचा व चालविण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे राखून ठेवला. इतरांनीं परवान्यानें काय तें करावें. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत ही गोष्ट आणखी पुढें नेली. परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. रेडिओ ऐकणें हेंहि परवान्याचें काम होतें. आमच्या घरीं १९७० नंतरच्या वर्षांतहि रेडिओच्या परवान्याचें पुस्तक असे आणि वडील दर वर्षीं टपालकचेरींत जाऊन त्यावर शिक्का मारून आणीत. रेडिओ पुसून ठेवावयाचा आणि पुस्तक कपाटांत जपावयाचें, असा घरचा दंडक. ही परवान्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत उठली.

असें असूनहि रेडिओ आणि टेलिफोन यांत एक भेद होता, आणि माझ्या मतें आजच्या विषयाचें मर्म त्या भेदांत आहे. रेडिओला परवाना लागे, पण यंत्र श्रोत्याचें असे आणि कान पिळणारा हात श्रोत्याचा असे. हैदराबादचें डेक्कन रेडिओ केंद्र ३ फेब्रुवारी १९३५ रोजीं अवघ्या २०० वॅटच्या शक्तीनें निजाम सरकारच्या आश्रयाखालीं सुरू झालें. पुढें औरंगाबादेसहि केंद्र होतें. परंतु ज्याच्या घरीं रेडिओ असे, त्याला हैदराबादच ऐकण्याची सक्ति करणें सरकारास शक्य नव्हतें. काटा फिरवावा, रात्रीच्या शांततेंत मुंबई लावावी, दिल्ली लावावी. सप्टेंबर १९४८ मध्यें याचें मोल कळलें. १३ तारखेस भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, १७ तारखेस निजामानें युद्धबंदी जाहीर केली, आणि २३ तारखेस खुद्द मीर उस्मान अली खान हैदराबाद रेडिओवरून बोलले. त्या दिवसांत कोणत्या केंद्राचें खरें मानावयाचें हें ऐकणारा काटा फिरवून स्वतः ठरवीत होता. डेक्कन रेडिओ आकाशवाणींत विलीन झाला तोहि १ एप्रिल १९५० रोजींच, म्हणजे टपालाच्याच दिवशीं.

टेलिफोनचें तसें नव्हतें. तो काळा, जड संच खात्याचा. भिंतींतली तार खात्याची. बिघडला तर खात्याचा माणूस येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचें. दुसरा संच स्वतः आणून जोडणें नियमाबाहेर. ही रीत आपलीच होती असें नाहीं. अमेरिकेंत टेलिफोन कंपनीचा नियम असाच होता, आणि तो मोडला टेक्सासमधल्या टॉमस कार्टर नांवाच्या उद्योगी गृहस्थानें. तेलाच्या विहिरींवर आणि दूरच्या गुरांच्या रानांत काम करणाऱ्या माणसांपाशीं बिनतारी संच असत, पण त्यांना गांवांतल्या टेलिफोनवर बोलतां येत नसे. कार्टरनें एक पाळण्यासारखी बैठक केली; तींत टेलिफोनचा हातांतला भाग ठेवला कीं बिनतारीचा आवाज टेलिफोनमध्यें व टेलिफोनचा बिनतारींत जाई. तारेला तारहि जोडलेली नव्हती, केवळ आवाजाला आवाज. तरीहि कंपनीनें हरकत घेतली. प्रकरण सरकारी मंडळापुढें गेलें, आणि जून १९६८ मध्यें मंडळानें निकाल दिला कीं, जाळ्यास इजा न करणारें यंत्र ग्राहकानें जोडलें तर कंपनीस तें अडवितां येणार नाहीं. हा निकाल कार्टरफोन या नांवानें प्रसिद्ध आहे. उत्तर देणारीं यंत्रें, संगणकाचे मोडेम, आणि पुढें घरोघरचें इंटरनेट, हें सगळें त्या एका दारांतून आंत आलें.

आपल्याकडे ग्राहकाच्या घरचे टेलिफोन-संच बनविण्यास खाजगी कारखान्यांना मुभा मिळाली ती १९८४ मध्यें. मग बाजारांत रंगीबेरंगी, बटणांचे संच आले आणि काळ्या संचाचा दरारा ओसरला. युरोपांत हा वाद राउटरवर येऊन ठेपला. २०१५ च्या एका युरोपीय नियमानें ग्राहकास आपल्या पसंतीचें शेवटचें यंत्र वापरण्याचा हक्क दिला, आणि जर्मनींत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेंच सांगितलें कीं राउटर कोणता हें ग्राहक ठरवील. कंपनीचें जाळें भिंतींतल्या जोडणीपाशीं संपतें. भारतांत १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठीं २०२३ चा नवा दूरसंचार कायदा झाला. त्याचीं कांहीं कलमें जून २०२४ पासून अमलांत आलीं. घराघरांतल्या राउटरच्या दृष्टीनें मात्र याहून महत्त्वाची गोष्ट आधींच, फारसा गाजावाजा न होतां, घडून गेली होती: २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अल्प शक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यांतून मोकळ्या झाल्या. वाय-फाय त्याच लहरींवर चालतें. ज्या देशांत बिनतारी यंत्र नुसतें बाळगणें गुन्हा होता, तेथें आज घरोघर बिनतारी केंद्र चालतें, आणि त्यासाठीं टपालकचेरींत पुस्तक न्यावें लागत नाहीं.

लातूरचें नांव घेतलें आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली नाहीं असें होत नाहीं. चारला चार मिनिटें कमी असतांना किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतलीं गांवेंच्या गांवें जाड दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. सुमारें आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. अशा वेळीं खात्याच्या तारांवर किती भिस्त ठेवतां येते हें सांगावयास नको. त्या दिवसांत स्वतःचे बिनतारी संच असलेले परवानाधारक हौशी लोक बाहेरून आले व त्यांनीं निरोपांची ने-आण केली. मोठें जाळें खात्याचें असावें हें खरेंच, पण लोकांच्या हातींहि कांहीं यंत्रें व तीं चालविण्याचें ज्ञान असावें, हें त्या वेळीं दिसलें.

भारतांत सामान्य ग्राहकासाठीं इंटरनेट सुरू झालें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, तें मोठ्या शहरांत. जिल्ह्याच्या गांवाहून पहिलीं वर्षें लांबच्या अंतराचा फोन लावून तें मिळवावें लागे आणि मोडेम किंकाळ्या फोडीत असे. तो मोडेम मात्र ज्याचा त्यानें विकत घेतलेला असे. मग टेलिफोनच्या तारेवरचें ब्रॉडबँड आलें, २०१६ मध्यें स्वस्त फोर-जी आलें, २०२० च्या साथींत शाळाच फोनवर आली. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं देशांत फाइव्ह-जी सुरू झालें आणि २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत दोन मोठ्या कंपन्यांनीं हवेंतून घरगुती इंटरनेट देण्याच्या योजना काढल्या. नांदेड आणि लातूर हीं दोन्ही शिकवणीवर्गांचीं गांवें. खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें येथें खोल्या घेऊन राहतात, प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतात. त्यांचे तास, सरावाच्या चांचण्या, अर्ज, निकाल, सगळें याच पेटींतून जातें. अर्जाच्या शेवटल्या तारखेस रात्रीं पेटीचा दिवा तांबडा झाला तर काय होतें, तें ज्याच्या घरीं मूल आहे त्यास विचारावें.

आतां प्रत्यक्ष व्यवहार. हवेंतून येणाऱ्या जोडणींत एक मर्यादा आहे ती प्रथम ओळखावी. मनोऱ्याशीं बोलणारा भाग, त्यांतलें सिमकार्ड आणि रेडिओ, हा कंपनीचाच राहणार. तो तिच्या जाळ्याशीं बांधलेला असतो. तेथें आपलें यंत्र घालण्याच्या भरीस पडूं नये. आपला अधिकार चालतो तो त्याच्या पुढें, घरांतल्या वांटणीवर. नळाची उपमा देतों. लातूरकरांना ती पटावयास हवी, कारण १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी आगगाडीनें आलेलें त्यांनीं पाहिलें आहे. पाणी कोठून आणावयाचें आणि मुख्य नळ कसा टाकावयाचा हें पालिकेचें काम. पण घरांतली टाकी केवढी, नळ कोठें कोठें, रात्रीं कोणता बंद, हें पालिकेस विचारावें लागत नाहीं.

स्वतःचा राउटर कशासाठीं, तर पहिलें कारण जागेचें आहे. वेशीची पेटी जेथें मनोऱ्याची लहर चांगली लागते तेथें बसली पाहिजे, म्हणजे गच्चीवर किंवा खिडकींत. वांटणीची पेटी मात्र घराच्या मध्यावर हवी. हीं दोन्ही कामें एकाच पेटीवर लादलीं कीं एक बिघडतेंच. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत हात-दीड हात जाडीच्या भिंती; वाय-फायची लहर अशा एका भिंतींतच गुदमरते. आधुनिक काँक्रीटहि फारसें दयाळू नाहीं. अशा घरांत गेटवेपासून एक तार ओढून मधल्या खोलींत आपला राउटर ठेवला, तर जो फरक पडतो तो कंपनीच्या महागड्या योजनेनेंहि पडत नाहीं. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, वेग वाढविण्यासाठीं पैसे भरण्यापूर्वीं लोकांनीं ही पंचवीस-तीस फूट तार विकत घ्यावी.

दुसरें कारण किल्लीचें. कंपनीची पेटी कंपनी दुरून उघडूं शकते, तिची मांडणी बदलूं शकते. त्यांत सोय आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरीं बिघाड दुरूनच दुरुस्त होतो, आणि पेटीच्या आंतली आज्ञावली वेळच्या वेळीं नवी होते. परंतु मुलांना रात्रीं दहानंतर इंटरनेट बंद असावें, पाहुण्यांसाठीं निराळें नांव असावें, घरच्या कॅमेऱ्यांस निराळा कप्पा असावा, असें वाटलें तर कंपनीची पेटी पुष्कळदां ऐकत नाहीं. शिवाय कंपनी बदलली कीं पेटी जाते, पेटीबरोबर वाय-फायचें नांव व परवलीचा शब्द जातो, आणि घरांतलीं दहाबारा यंत्रें पुन्हां एकेक करून जोडीत बसावें लागतें. राउटर आपला असेल तर फक्त मागची एक तार बदलावयाची. घरांत कोणास कळतहि नाहीं. ज्याला कंपनी सोडणें सोपें, त्याच्या तक्रारीस कंपनी जरा लवकर उत्तर देते, हा माझा अनुभव आहे.

जोडण्याच्या रीती तीन. सर्वांत सोपी अशी कीं, आपल्या राउटरला नुसतें वांटपाचें काम द्यावें. त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. वही ठेवण्याचें काम कंपनीच्या पेटीकडेच राहतें, तिकिट एकदां कमी बदलतें, आणि पोंच मात्र वाढते. या रीतींत कंपनीच्या पेटीचें स्वतःचें वाय-फाय, सोय असल्यास, बंद करावें, नाहीं तर एकाच घरांत दोघे ओरडूं लागतात. दुसरी रीत अशी कीं, कंपनीच्या पेटीस फक्त वेस ठेवून वाटाड्याचें सर्व काम आपल्या राउटरकडे घ्यावें. याला ब्रिज किंवा पासथ्रू म्हणतात. ही रीत सर्वांत स्वच्छ. पण पेटींत ती सोय असावी लागते, आणि ती उघडावयास कधीं कधीं कंपनीस विनंति करावी लागते. ती नाकारली गेली तर तिसरी रीत उरते: दोघेहि वही ठेवोत. कुर्डुवाडीसारखी मालाची दुहेरी चढउतार होते, पण पत्रें वाचणें, तास ऐकणें, चित्रें पाहणें यांस तिनें फारसा अडथळा येत नाहीं. फक्त दोन्ही पेट्यांतले खाजगी पत्ते एकाच मालिकेतले असूं नयेत, एकीकडे १९२.१६८.१ असेल तर आपल्याकडे १९२.१६८.५० घ्यावें. दोन गल्ल्यांना एकच नांव दिलें तर टपालवाला काय करील?

बाहेरगांवाहून घरच्या कॅमेऱ्याकडे किंवा घरच्या संगणकाकडे सरळ येऊं पाहणाऱ्यांना मात्र या सर्व रीतींत एक धोंड आडवी येते, आणि ती कंपनीच्या कचेरींतली आहे. तेथल्या वहींत आपल्या घराचें स्वतंत्र पान नसतें. कोणताहि राउटर विकत घेऊन ती दूर होत नाहीं. दुकानदार कांहीं सांगो. त्यासाठीं कंपनीकडून निराळा कायम पत्ता मागावा लागतो, किंवा मधल्या एखाद्या सेवेचा आधार घ्यावा लागतो.

वीज जाते तेव्हां दोन पेट्या असल्या तर दोघींना आधार हवा. राउटरला इन्व्हर्टर आणि गच्चीवरची पेटी उघडी, अशी व्यवस्था मीं कित्येक घरीं पाहिली आहे. तिचा उपयोग शून्य. आणि बिघाडाच्या तक्रारीसाठीं एक पथ्य. माझ्या घरची जोडणी एकदां चार दिवस बंद होती. कंपनीचा माणूस फोनवर रोज हेंच सांगे कीं दोष तुमच्या राउटरमध्यें आहे. पांचव्या दिवशीं त्याच्यासमोर राउटर काढून संगणक सरळ गेटवेला जोडून दाखविला, तेव्हां तो गच्चीवर चढला. म्हणून अशी परीक्षा आधींच करून, वेळ लिहून ठेवून मगच तक्रार करावी. आपलें यंत्र आपण आणलें म्हणजे त्याची निगाहि आपली: कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि आंतली आज्ञावली अधूनमधून नवी करावी. जोडणी मात्र आपल्या घरापुरती आहे. ती शेजाऱ्यांस पैसे घेऊन वांटणें कराराबाहेरचें आहे, मग राउटर कोणाचाहि असो.

दोन माणसें, दोन खोल्या आणि दोन फोन एवढाच संसार असेल, तर कंपनीची पेटी पुष्कळ झाली. उगीच खर्च करूं नये. ज्या घरांत अभ्यास करणारीं मुलें आहेत, ज्या वाड्याच्या भिंती जाड आहेत, किंवा जेथें पंधरावीस मुलें एकत्र राहतात, तेथें मी स्वतःच्या राउटरच्या बाजूनें आहें.

कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग रुंद झाला तो २००८ मध्यें, आणि शंभराहून अधिक वर्षें चाललेली ती चढउतार संपली. पत्त्यांचेंहि रुंदीकरण चालू आहे. नव्या पद्धतीचे पत्ते आयपीव्ही-सहा या नांवानें ओळखले जातात; ते इतके अफाट आहेत कीं घरांतल्या प्रत्येक यंत्रास जगांत एकच असा पत्ता देतां येतो, आणि तिकिट बदलण्याचें कारणच उरत नाहीं. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या हे पत्ते देतात. पण वहीचा आडपडदा गेला म्हणजे दारावर राखणदार हवा. तो चांगल्या राउटरमध्यें असतो. तेव्हां राउटर घेतांना नव्या पत्त्यांची सोय आहे कीं नाहीं तें दुकानदारास विचारावें, आणि घरीं आणल्यावर मांडणींत जाऊन ती चालूं आहे याची खात्री करावी. कित्येक यंत्रांत ती बंदच ठेवलेली असते.